भस्मातली ओली रेघ

थांबा, आधी मला जरा गार होऊ द्या, मग बोलतो. तापलेल्या इंजिनाशी बोलण्यात काही अर्थ नसतो, नुसती वाफ आणि खडखडाट. हां, आता बरं वाटलं. मी एका जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन. सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचं अंग, घोगरा आवाज. देखणा कधीच नव्हतो, पण अंगात रग होती.

लातूर उस्मानाबादातून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच साली मी शिरूर अनंतपाळला मडिवाळप्पांच्या दारात आलो. म्हणजे जिल्हा आणि मी एकाच वयाचे. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, बंगले लागतात, रस्ते लागतात. त्या सगळ्याची खडी, वाळू, सिमेंट वाहिलं आम्ही. साहेब लोक फीत कापायचे आणि पेपरात त्यांचा फोटो यायचा. माझा एकदाही आला नाही. असो.

दारात आलो त्या दिवशी मडिवाळप्पांची बायको दानम्मा ताट घेऊन बाहेर आली. लोक ट्रकला लिंबू-मिरची बांधतात. हिनं बॉनेट उघडायला लावलं आणि तीन बोटांनी माझ्या अंगावर भस्माचे तीन पट्टे ओढले.

"ह्यो आमचा बसवण्णा," ती म्हणाली.

बसवण्णा म्हणजे महादेवाचा नंदी, घरचा बैल. या घराचा नेम असा, की सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. त्या दिवसापासून तो नेम मलाही लागू झाला. नांदेडच्या अडत्यांनी डोकं आपटून घेतलं, तरी मडिवाळप्पांनी सोमवारी चावी फिरवली नाही. बाकीचे ट्रकवाले खुशाल हसायचे. मला विचाराल तर मी इतकी वर्षं टिकलो त्यात त्या सोमवारांचा वाटा मोठा आहे. दर सोमवारी दानम्मा यायची, भस्म लावायची आणि माझ्याजवळ उभी राहून घरातलं सगळं गाऱ्हाणं सांगायची. सुनेच्या भाकरीला पापुद्रा का येत नाही, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

दिवस गेले. माहूरच्या यात्रेला नारळ नेले, नायगावच्या बाजाराला ज्वारी नेली, भूकंपाच्या साली पत्रे वाहिले. मडिवाळप्पा म्हातारे झाले आणि एका पहाटे झोपेतच गेले. मग चावी त्यांच्या मुलाच्या, गुरुपादप्पाच्या हातात आली. गुरुपाद बापासारखाच कमी बोलणारा, फक्त घाई थोडी जास्त. नेम मात्र त्यानंही मोडला नाही. आईसमोर, त्याच्या अव्वासमोर, त्याची छातीच होत नसे.

मग तो उन्हाळा आला. लातूर शहराला आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली, तो. वाळू आणि खडीची कामं बंद पडली आणि माझ्यामागं पाण्याची टाकी बसली. निलंग्याकडच्या एका विहिरीवर पाणी भरायचं आणि माळेवाडीला न्यायचं. माळेवाडी उंचावर. गावाच्या अलीकडे एक चढ आहे, त्याला लोक गाढवचढ म्हणतात. भरली टाकी घेऊन तो चढताना माझ्या नाकातोंडातून काळा धूर निघायचा. वरती बाया घागरी मांडून बसलेल्या असायच्या. माझा आवाज खालून ऐकू आला की त्या उभ्या राहायच्या. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं. जन्मभर खडी वाहिली, खडीनं कधी वाट पाहिली नाही.

सोमवारी मात्र मी दारात उभा. आणि सोमवारी माळेवाडीच्या बाया चढ उतरून दोन गावं ओलांडून पाण्याला जायच्या. गुणाबाई नावाची एक म्हातारी भरल्या घागरीसकट चढावर पडली, पाय मोडला. ते गुरुपादच्या मनाला लई लागलं. आईला काही म्हणाला नाही. फक्त रविवारी जास्तीची खेप मारायला लागला, म्हणजे सोमवारचं पाणी आदल्या दिवशीच पोचावं.

तशाच एका रविवारी दुसऱ्या खेपेला अर्ध्या चढावर मी उकळलो. रेडिएटरचं झाकण थडथड उडायला लागलं. अशा वेळी थांबायचं असतं. सावलीला बसायचं, बिडी ओढायची, मला माझा माझा गार होऊ द्यायचं. गुरुपादला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण वरती बाया उभ्या राहिलेल्या त्याला दिसत होत्या. मागं टाकीभर गार पाणी होतं. त्यानं बादली भरली आणि ओतली माझ्यात.

तडक्!

आवाज बारीक होता. त्याला ऐकू आला नाही, मला आला. सायलेन्सरकडं धूर नेणारी जी जाड नळी माझ्या कुशीला बसवलेली आहे ना, तिच्यामागं माझ्या अंगाला केसाएवढी चीर गेली. गार असताना ती मिटून असायची. तापलो की उघडायची, आणि आतलं पाणी त्या गरम नळीवर पडून जागच्या जागी वाफ व्हायचं. खाली थेंब पडेल तर कुणाला कळेल? मी मात्र दिवसेंदिवस दमायला लागलो. गुरुपादला वाटलं, म्हातारा झाला. मी आतल्या आत ओरडत होतो की अरे बाबा, मी म्हातारा आहे ते खरं, पण मला लागलंय.

गुरुपाद मला घेऊन उदगीरला जिलानी मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीचं गॅरेज रस्त्याला लागून. समोरच्या भिंतीवर रंगवलेलं, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. ती अक्षरं वाचून मी मनात म्हटलं, होऊ द्या, पण खडी आता दुसऱ्याकडून वाहून घ्या.

"मिस्त्री, ह्याला दोन टर्बो बसवायचे," गुरुपाद म्हणाला. "मोबाइलवर बघितलंय मी. एक धाकटा, एक थोरला. गाडी चढाला बी पळून राहिली."

मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी मागं सरकवली. "एक बसवलाय मी लई गाड्यांना. दोन कधी न्हाई बसवले."

"मग बसवा की आता."

"ताकद कशाला पायजे एवढी? लगीन हाय का गाडीचं?"

गुरुपाद जवळ सरकला. मग म्हणाला, "अव्वाचा सोमवार मला मोडता येत न्हाई. बाकीच्या दिवसांत दुप्पट पाणी चढवलं, तरच माळेवाडीचा सोमवार भागतो. त्या गुणाबाईचा पाय अजून पलस्तरात हाय, मिस्त्री."

मिस्त्री हसायचा थांबला. "बरं. उतरवा इंजिन."

टर्बो म्हणजे काय ते सांगतो. माझ्याच धुरानं फिरणारा पंखा, जो माझ्या छातीत जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, डिझेल जास्त, ताकद जास्त. पण उष्णताही जास्त, आणि दाबही. दोन टर्बो म्हणजे तर विचारूच नका. म्हणून आधी अंग तयार करावं लागतं. मिस्त्रीनं माझं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उतरवलं, पिस्टन काढले, नव्या रिंगा आणल्या, हेड आवळायला दणकट बोल्ट आणले, मोठा रेडिएटर आणून ठेवला. ती कुशीतली धुराची नळी काढली, कारण टर्बो तिथंच बसणार होते. मला डिझेलनं घासून आंघोळ घातली आणि फडक्यानं पुसून लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. एवढं स्वच्छ अंग माझं जन्मल्यापासून नव्हतं. मिस्त्रीनं सगळीकडून हात फिरवला. चिरेवरूनही फिरवला. गार होतो, चीर मिटलेली होती. त्याला काहीच लागलं नाही.

मी घाबरलो. का घाबरू नये? दोन टर्बोंची आग नेमकी त्या चिरेशेजारी बसणार होती. मी फुटणार तो सपाटीवर फुटणार नव्हतो, चढावरच फुटणार होतो, कारण जोर तिथंच लागतो. आणि चढावर माझा श्वास गेला की भरली टाकी ट्रकला मागं खेचणार. मागं वळण, वळणाखाली दरी, आणि स्टिअरिंगवर गुरुपाद. ज्या पोराला दानम्मानं माझ्या बॉनेटवर बसवून दूधभात भरवला होता, तो गुरुपाद.

गुरुपाद नांदेडला गेला, तिथल्या भंगार बाजारात मोठ्या गाड्यांचे उतरवलेले टर्बो मिळतात म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सकाळच्या एसटीनं दानम्मा उदगीरला आली. सोमवार, आणि बसवण्णा दारात नाही, म्हणून म्हातारी बसवण्णाच्या दारात आली. मिस्त्री चहाला गेला होता. ओंडक्यांवर मला तसा उघडा बघून ती दचकली. हेड नाही, पिस्टन नाही, पोट रिकामं.

"अय्यो, काय केलं रे तुझं हे," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

मग कनवटीची भस्माची पुडी काढली. नेहमी लावायची ती जागा उतरवलेल्या हेडाबरोबर गेली होती. म्हणून तिनं माझी कूस निवडली. तीन बोटं भस्मात घोळवली आणि धुराची नळी जिथं बसते नेमक्या तिथंच तीन आडवे पट्टे ओढले. मग माझ्याशी बोलत बसली. "तुला लई राबवला आम्ही. त्यो घाई करतो, त्याला सांभाळ बाबा. मला त्यो एकच हाय."

अव्वा, कसं सांभाळू, मला तोंड नाही!

मिस्त्री परत आला आणि दारातच थबकला.

"अव्वा, काय करून राहिल्या तुमी! ती राख हाय. पोटात गेली तर आतलं लाइनरचं अस्तर खरवडून काढते, मशीन बरबाद होते."

"राख न्हाई ती, भस्म हाय," दानम्मा म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. "माझ्यानं नुकसान झालं का रे?"

मिस्त्री भला माणूस. त्याचा आवाज लगेच खाली आला. "न्हाई, न्हाई. बाहेरच लावलंय. पुसून घेतो." तो फडकं घेऊन माझ्याजवळ वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

कोरड्या पांढऱ्या पट्ट्यांना वरून खाली छेदत एक काळसर ओली रेघ उतरली होती. आंघोळीचं डिझेल माझ्या चिरेत मुरलेलं होतं, ते हळूहळू बाहेर झिरपत होतं, आणि दानम्माचं भस्म ते टिपून घेत होतं. मिस्त्रीनं ती रेघ बोटानं पुसली. त्यावर पुन्हा भस्म लावलं, दानम्माच्याच पुडीतलं. जरा वेळानं रेघ पुन्हा उमटली. त्याच जागी.

"या अल्ला," तो हळूच म्हणाला आणि खाली बसला.

तेवढ्यात गुरुपाद आला. खांद्यावर पोतं, पोत्यात दोन टर्बो, तोंडभर हसू. मिस्त्रीनं त्याला रेघ दाखवली. मग विचारलं, "गरम इंजिनात कधी गार पाणी ओतलं होतं का?"

गुरुपादनं पोतं खाली ठेवलं. त्याला तो चढ आठवला, ती बादली आठवली.

"हे घेऊन चढाला लागला असतास ना," मिस्त्री म्हणाला, "तर अव्वाला सांगायला मला यावं लागलं असतं."

गुरुपाद आईच्या पायाशी बसला आणि गुणाबाईपासून बादलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. दोन टर्बो कशासाठी हवे होते तेही. दानम्मा ऐकत राहिली. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "माझ्या सोमवारापायी तू चढावर मरायला निघाला होतास व्हय रे? मला एक शब्द बोलला न्हाईस."

"कसं बोलणार, अव्वा?"

"तोंडानं," दानम्मा म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मिस्त्रीनं माझ्या चिरेला लोखंडी टाके मारले, ओळीनं, गोधडीला घालावेत तसे. पण त्यानं स्पष्ट सांगितलं, की टाके घातलेल्या अंगानं आता चढ चढायचा नाही, आणि टर्बोचं तर नावच काढायचं नाही. ट्रकला दुसरं इंजिन बसलं. मला गाढवचढाच्या पायथ्याशी सिमेंटच्या ओट्यावर बसवलं आणि पंपाला जोडलं. आता टँकर खालच्या हौदात पाणी ओततो, आणि मी ते नळीतून वर माळेवाडीला ढकलतो. सावकाश. वरच्या बाया आता घागरी मांडून माझी वाट बघत नाहीत, नळाशी उभ्या राहून गप्पा मारतात. जरा वाईट वाटतं, पण चालायचंच.

पहिला सोमवार आला तेव्हा गुरुपाद हौदापाशी येऊन नुसता उभा राहिला. हौद भरलेला, वरती नळ कोरडे. चावी खिशात आणि हात खिशाबाहेर. तेवढ्यात दानम्मा काठी टेकत आली. धुराच्या नळीखालून टाक्यांचं टोक जिथं डोकावतं, तिथं तिनं तीन बोटं भस्म लावलं आणि माझ्याशेजारी दगडावर बसून राहिली. बराच वेळ बघत होती. पट्टे पांढरेच राहिले, कोरडे.

"चालू कर," ती म्हणाली.

"अव्वा, सोमवार हाय."

"हाय, ठाऊक हाय मला. जू न्हाई ठेवलेलं त्याच्या मानेवर. बसल्या जागी पाणी पाजून राहिला त्यो."

तेव्हापासून मी सोमवारीही चालतो. रोज सकाळी गार असताना ती येते, भस्म लावते, बघते, मगच चावी फिरते. आता गाऱ्हाणी कमी झालीत, सुनेच्या भाकरीला पापुद्रा यायला लागलाय म्हणे. ते दोन टर्बो गुरुपादच्या अंगणात पडून आहेत, त्यात कोंबडी अंडी घालते.

एक दिवस त्या पांढऱ्या पट्ट्यांतून रेघ ओली होईल, ते मला माहीत आहे. त्या दिवशी मला थांबवा, माझी काही तक्रार नाही. फक्त एवढं माझं ऐका. इंजिन असो, बैल असो की घरचं माणूस, कुणी तापलेलं दिसलं तर बादली घेऊन धावू नका. जरा सावलीला बसा. त्याचं त्याला गार होऊ द्या. आणि मग विचारा, कुठं लागलंय का म्हणून.