धुतलेल्या नोटा

"माणूस खोटं बोलेल, आरसा खोटं दाखवेल, पण खरी नोट उजेडापुढे धरा, तिच्या पोटातला चेहरा तुमच्याकडे बघणार म्हणजे बघणारच," असं कॅशियरकाकांनी गल्ल्यावरून जाहीर केलं आणि हातातला कागद खिडकीकडे धरला. चेहरा काही बघेना. बघणार कसा? ती गिऱ्हाइकाची सामानाची यादी होती. नोट अजून त्याच्याच खिशात होती.

गिऱ्हाईक हसलं. काकाही हसले आणि त्याचे आभार मानले. आभार मानायला काकांना निमित्त लागत नसे. किराणा दुकानातल्या त्यांच्या खुर्चीला नवी गादी आली तेव्हा त्यांनी मालकांचे आभार मानले, मालकीणबाईंचे मानले आणि गादी आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्यालाही चहा पाजला. त्या खुर्चीत त्यांचं निम्मं आयुष्य बसून गेलं होतं. उरलेलंही तिथेच बसावं एवढीच इच्छा होती.

अडचण डोळ्यांची होती. मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. पण ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजा म्हणजे खुर्चीवर मालकांचा भाचा. तो एकदा बसला की उठवायला दुसरं ऑपरेशन लागलं असतं. म्हणून काकांनी घरीदारी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. नोटा ते बोटांनी ओळखत. खऱ्या नोटेवरची छपाई नखाला किंचित खरखरीत लागते. मागच्या महिन्यात मात्र एक खोटी नोट बोटांना चकवून गल्ल्यात शिरली. पुन्हा असं झालं तर काकांनी गोदामात पोती मोजावीत, असं मालकांनी अगदी प्रेमाने सुचवलं, आणि निळ्या उजेडाचा एक दिवा आणून गल्ल्यावर ठेवला. त्याच्याखाली खऱ्या नोटेचा कागद काळाच राहतो, फक्त धागा आणि नंबर चमकतात. खोटीचा कागद सगळाच उजळतो. काकांना दिवा फार आवडला. एवढं तर त्यांनाही दिसत होतं.

त्या सकाळी लॉन्ड्रीवाल्या ताई साबणाचे पैसे द्यायला आल्या. पाचशेच्या चार नोटा काकांनी दिव्याखाली सरकवल्या आणि चारही नोटा लग्नाच्या मांडवासारख्या झगमगल्या.

काकांनी दिवा पुसून पाहिला. नख फिरवून पाहिलं, तर छपाईचा खरखरीतपणाही बसल्यासारखा. त्यांनी मालकांना हाक मारली. मालक आले, झगमगाट बघून खूश झाले. दिव्याचे पैसे वसूल झाले होते. पोलिसांना फोन लावतो म्हणाले. ताईंचा चेहरा पडला. नोटा माझ्या मुलाने घरखर्चाला दिल्यात, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मालक नोट उचलायला वाकले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही दिव्याखाली गेली. ती नोटांपेक्षाही लख्ख पेटली.

ताईंनी बाहीकडे पाहिलं. मग नोटांकडे. मग पुन्हा बाहीकडे.

"हा शर्ट मी धुतलाय," त्या सावकाश म्हणाल्या. "आमच्या पावडरीत सफेदी आणायचं औषध असतं, ते चमकतंय. मुलाने पँट खिशातल्या पैशांसकट मशीनमध्ये टाकली होती, नोटाही धुऊन निघाल्या. चमकतं ते खोटं असेल तर मालक, तुम्हीही खोटेच म्हणायचे."

मालकांनी बाही काढून घेतली. पण खोटी नोटही कुणी धुऊ शकतं, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि तो बिनतोड होता. त्यांनी खणातलं भिंग काढून काकांपुढे ठेवलं. नोटेवर बारीक अक्षरांची एक ओळ असते, खोट्या नोटेवर तिचा नुसता फराटा होतो, हे काकांनीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. वाचून दाखवा, म्हणजे निकाल लागला. मालकांना स्वतः वाचता आलं असतं, पण त्यासाठी चष्मा लागतो हे कबूल करावं लागलं असतं.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. नोटेवर धुकं पडलं होतं. त्यांनी भिंग पुढे नेलं, मागे आणलं, नोट फिरवली. धुकंही फिरलं. वाचलं म्हणावं, तर गल्ल्यात पुन्हा खोटी नोट जाण्याची भीती. नाही वाचता येत म्हणावं, तर पोती होतीच.

ताई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. नोट उलटी होती.

"काका, तुम्ही वाचाल नि मला काय कळणार?" त्या म्हणाल्या. "मला शिकवा. उद्या कुणी माझ्या गळ्यात खोटी मारली तर?"

काकांनी नोट सुलटी करून पुढे केली. छापील चेहऱ्याच्या कडेशी एक रेघ दिसते, ती रेघ नसते, एवढंच सांगितलं. तिथे काय लिहिलेलं असतं ते सांगितलं नाही. ताईंनी भिंग धरून एकेक अक्षर लावलं.

"भारतभारतभारत... अहो, किती वेळा तेच? छापणाऱ्याला स्वतःलाच पटत नव्हतं की काय?"

बरोबर तेच. चारही नोटांवर तेच, स्वच्छ. मग काकांनी नोटा खिडकीशी धरल्या. आतले चेहरे ताईंना दिसले, काकांनी मान डोलावली. मालकांनी ताईंची माफी मागितली, काकांना म्हणाले की असा शिकवणारा माणूस गल्ल्यावर हवाच, आणि बाही झटकत गोदामाकडे गेले.

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आपल्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चार दिवसांत भाजी निवडायला लागली, म्हणाल्या. रजा द्यायला मालकांना मी सांगते, शिकवणाऱ्या माणसाला डोळे हवेतच की.

आयुष्यभर सुट्ट्या पैशांचे आभार मानलेल्या काकांना आता एक शब्द सापडेना. जिच्यावर आपण पोलीस घालणार होतो तिने आपली खुर्ची राखली, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? ते उठून उभे राहिले. हात जोडले. डोळ्यांत आधीच धुकं, त्यात पाणी.

"ताई, तुमचे उपकार मी..."

"ते असू दे. उठलाच आहात, तर तेवढं वरच्या फळीवरचं साबणाचं खोकं काढा. माझा हात पोचत नाही."