घंगाळावरचं नाव

हिराबाईंच्या स्वयंपाकघरात परातीपासून पळीपर्यंत एकूण एक भांड्यावर नाव घातलेलं होतं आणि ते एकच होतं. बा. द. साळवे. म्हणजे बाबुराव दशरथ साळवे, हिराबाईंचा नवरा. पोळ्या लाटायच्या हिराबाईंनी, परात घासायची हिराबाईंनी आणि घासताना बोटाला लागायचं ते बाबुरावांचं नाव! चाळीस वर्षं त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पण आता नात झाली होती. लेक आम्रपाली बाळंतपणाला खडकीला माहेरी आलेली होती, बाळाचं नाव मैत्री ठरलं होतं आणि येत्या रविवारी विहारात नामकरण होतं. आजोळाकडून बाळाच्या अंघोळीला तांब्याचं घंगाळ द्यायचं हेही ठरलं होतं. त्या घंगाळावर आपलं नाव असावं, एवढी एकच गोष्ट हिराबाईंना या वयात मनापासून हवी होती. मैत्री मोठी होईल, अक्षरं लावायला शिकेल, कदाचित पहिलं अक्षर त्या घंगाळावरचंच लावेल, आणि ते आपलं असेल, असं त्या दिवसातून दहा वेळा मनाशी म्हणत.

एकदा हिंमत करून त्यांनी विषय काढला. बाबुरावांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही.

"पैसे जो देईल त्याचं नाव पडेल. रीतच आहे तशी," ते म्हणाले, आणि हातासरशी चिठ्ठीवर मजकूर लिहून मोकळे झाले : 'चि. मैत्रीस, आजोबा बा. द. साळवे यांजकडून.'

आता पैसे हिराबाईंनीही दिले असते. खातं दोघांच्या नावावर, कार्डं दोघांना दोन. आम्रपालीनं ती दोन्ही कार्डं दोघांच्या फोनमध्ये बसवूनही दिली होती. दुकानात गेलं, फोन यंत्राला टेकवला की टुक असा आवाज येतो आणि पैसे जातात. या टुकनं हिराबाईंना पहिल्याच आठवड्यात वेड लावलं. चाळणी आली, पायपुसणी आली, नारायण पेठेतल्या एका दुकानातून मसाल्याचा डबा आला, एक छत्री आली आणि घरी आधीच तीन छत्र्या होत्या. बाबुरावांनी छत्र्या मोजल्या.

बाबुराव हे साधेसुधे काटकसरी गृहस्थ असते तर चार शब्द ऐकवून गप्प बसले असते. पण त्यांची चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. तिथं प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी असते : या खोलीत माणसं इतकी, स्फोटकं इतकी, त्याहून एक चिमूटही जास्त नाही. उद्या काही उडालंच तर नुकसान त्या खोलीपुरतं राहावं, हा त्यातला हिशेब. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बाबुरावांच्या डोक्यातली ती पाटी काही उतरली नव्हती. त्यांच्या घरात कांदे किती भरायचे यालाही मर्यादा होती. तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये 'एका वेळी जास्तीत जास्त किती' ही सोय सापडल्यावर त्यांना गुप्तधन सापडल्याचा आनंद झाला. ॲपनं विचारलं, कुणाचं कार्ड? पहिला खातेदार की दुसरा खातेदार? बाबुरावांनी क्षणभरही विचार न करता दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि हजाराची मर्यादा घालून टाकली.

"तुझी मर्यादा आता हजार," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"मी काय स्फोटक आहे?" हिराबाई म्हणाल्या.

"तू नाहीस. फोन आहे."

हिराबाईंनी नाक मुरडलं आणि महिनाभर हजाराच्या आतच फोन टेकवला. बाबुरावांचा फोन टेकायचा तो दूध आणि भाजीपुरता. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं आणि चिठ्ठी बाबुरावांच्या खिशात घडी घालून तयार होती.

शुक्रवारी दोघं मेट्रोनं कसब्यात आली. तांबट आळीत अजूनही ठोक्यांचा आवाज असतो. श्यामराव तांबटांच्या दुकानात हिराबाईंनी पाच घंगाळं पारखली, प्रत्येकाच्या कडेवरून तळवा फिरवला, काठ बाळाला लागणार नाही ना पाहिलं आणि सहावं पसंत केलं. रुंद, बुटकं, आतून कल्हई केलेलं.

"काही कमी करा की," हिराबाई म्हणाल्या.

"काकू, कमी करायचं तर घंगाळच लहान घ्या," श्यामराव म्हणाले. "चार हजार सहाशे. नाव घालायचं वेगळं घेत नाही, हीच सूट समजा."

बाबुरावांनी खिशातून चिठ्ठी काढून गल्ल्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि ऐटीत फोन यंत्राला टेकवला. टुक झालं नाही. दोनदा बारीक पीं पीं झालं.

श्यामरावांनी चष्मा वर करून यंत्राकडे पाहिलं. "काका, मर्यादेच्या बाहेर म्हणतंय."

"शक्य नाही. पुन्हा लावा."

पुन्हा पीं पीं.

"कार्डाला मर्यादा घातलेली दिसतेय. कुणी घातली?"

"मीच घातली. पण ती हिच्या फोनला."

"यंत्राला ते कुणी सांगितलं नाही वाटतं," श्यामराव म्हणाले.

बाबुरावांचा चेहरा उतरला. खिशात रिक्षापुरते तीनशे रुपये, कार्ड घरी कपाटात कुलपात, आणि फोननं दुसऱ्या कुठल्या प्रकारे पैसे पाठवायला ते शिकलेच नव्हते.

"काकूंचा लावून बघा," श्यामराव म्हणाले.

"तिचा जाणारच नाही. तिला हजारच आहेत."

"तुमचा तरी कुठं गेला?"

हिराबाईंनी पिशवीतून फोन काढला. इतकी वर्षं मोठ्या खरेदीचे पैसे बाबुराव द्यायचे आणि त्या मागं पिशवी धरून उभ्या राहायच्या. त्यांनी फोन यंत्राला हलकेच टेकवला.

टुक.

सरसर करत यंत्रातून कागद बाहेर आला. चार हजार सहाशे, रक्कम मिळाली.

बाबुराव दुकानातल्या स्टुलावर फोनमध्ये डोकं घालून बसले. ॲप उघडलं, चष्मा लावला, मर्यादेचं पान काढलं. पहिला खातेदार : मर्यादा पाच हजार. दुसरा खातेदार : मर्यादा हजार. "बरोबर तर आहे," ते पुटपुटले. "पहिला मी, दुसरी..." आणि तिथंच थांबले. मग हळूच म्हणाले, "नाही. पहिली तू आहेस."

"मी? कशात?"

"खात्यात. मीच टाकलं होतं तुझं नाव आधी. विसरूनच गेलो होतो."

हिराबाईंना काही कळेना. पासबुक कायम बाबुरावांच्या ट्रंकेत. त्यांनी कधीकाळी बँकेत जाऊन दाखवलेल्या जागी सही केली होती, तेवढंच.

"भरणीच्या खोलीत, स्फोटकं भरतात तिथं, माझी बदली झाली ना, त्या वर्षी," बाबुराव घंगाळाकडे बघत म्हणाले. "आमच्या खोलीतले सगळेच बायकोचं नाव आधी टाकायचे. आमच्यात समज होती तशी. उद्या काही झालं तर बाई पहिली खातेदार असली म्हणजे तिला दाखल्यांसाठी कुणाच्या दारात उभं राहायला लागणार नाही. सरळ जाऊन पैसे काढायचे."

"आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर रोज सकाळी डबा हातात देताना तुला काय वाटलं असतं?"

हिराबाईंना एकदम भरून आलं. हा माणूस वर्षानुवर्षं सकाळी सात वाजता डबा घेऊन जायचा, संध्याकाळी येऊन कांदे मोजायचा, आणि एखाद्या दिवशी आपण परत आलो नाही तर काय, याची तजवीज आधीच करून ठेवलेली असायची. नवऱ्याचा इतका राग आणि इतकी माया त्यांना एकाच वेळी कधी आली नव्हती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि श्यामरावांनी शहाणपणानं छिन्नी शोधायला पाठ फिरवली.

"मग, हेच घालायचं का?" छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत श्यामरावांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

हिराबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं. बाबुरावांचं अक्षर टपोरं, वळणदार होतं. आता या माणसाचं नाव वगळायचं म्हणजे मन खट्टू होणार, आपलंही आणि त्यांचंही. दोघांची नावं घातली तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. क्षणभर त्यांच्या ओठांवर तेच आलं. पण मग त्यांना वाटलं, यांनी मला पहिलं केलं ते मला न सांगता, ट्रंकेत ठेवून. आज मी सगळ्यांसमक्ष सांगून करते.

"नाही," त्या म्हणाल्या. "चि. मैत्रीस, आजी हिरा साळवे यांजकडून. एवढंच."

रीत बाबुरावांनीच सांगितली होती, आणि पैसे हिराबाईंनी दिल्याचा कागद गल्ल्यावर पडलेला होता. त्यांनी चिठ्ठी उचलून खिशात घातली.

श्यामरावांनी घंगाळ आडवं केलं, पण गोल भांडं ते, पहिल्याच ठोक्याला सरकलं. तेव्हा बाबुराव न सांगता स्टुलावरून उठले, खाली उकिडवे बसले आणि हिराचं नाव पुरं होईपर्यंत घंगाळ दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिले.