राजनंदिनीचं जाहीर वाचन

सुभेदार लालासाहेब डेअरीत दूध घालून परत येत होते, तेव्हा चौकात त्यांना आपली नात दिसली. नात दहा फूट उंच होती आणि विजेच्या दोन खांबांमध्ये सुतळीनं बांधलेली होती. लालासाहेबांच्या हातातली रिकामी किटली खाली पडली आणि गडगडत गटारीपर्यंत गेली.

कुंडलमध्ये फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. माणूस जन्मला, पास झाला, पडला, निवडून आला किंवा नुसताच मोटारसायकल घेऊन आला, तरी डिजिटल लागतं. त्यामुळं डिजिटल लागल्याचं कुणाला नवल नव्हतं. लालासाहेबांना धक्का बसला तो मजकुराचा. ‘गावची वाघीण कु. राजनंदिनी हिचे जाहीर वाचन. २६ जानेवारी, सकाळी साडेनऊ, मारुतीचे देऊळ. पाहुणे : मा. प्रद्युम्नराव. नानासो आणि मंडळी.’ डोक्यावर फेटा घातलेला पोरीचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. तिच्या खांद्यावर एका अनोळखी बाईचं कोपर तसंच राहिलं होतं. शेजारी तालुक्याचे पुढारी प्रद्युम्नराव साहेब यांचं डोकं होतं. ते पोरीच्या तिप्पट होतं.

उभी हयात फौजेत काढलेला माणूस. बर्फात, रेताडात, गोळीबारात कधी हातातली वस्तू खाली पडली नव्हती. आज किटली सुटली होती. कारण गावची वाघीण चौथीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. तिसरीपर्यंत पोरगी घडाघडा वाचते असाच सगळ्यांचा समज होता. मग एकदा पुस्तकाची दोन पानं खिरीनं चिकटली, आणि राजनंदिनीनं ती न सोडवता मधलासुद्धा मजकूर म्हणून दाखवला. तिची आई राजेश्वरी पतसंस्थेत कॅशियर. दोन नोटा चिकटलेल्या तिला लांबून कळायच्या. तिनं चिकटलेली पानं सोडवून मधलाच एक शब्द विचारला. पोरगी भिंतीकडं बघत बसली. सगळं पुस्तक तिला ऐकून पाठ होतं, अक्षर मात्र धड ओळखू येत नव्हतं.

त्यातच शाळेत कुणी पाहुणे आले. त्यांनी हिलाच उभं करून नवा धडा वाचायला दिला, आणि वर्ग हसला. हसणं तेवढ्यावर मिटलं. पण राजनंदिनी गेल्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत घराबाहेर कुणाशी एक शब्द बोलली नाही. गल्लीतली पोरं तिला मुकी म्हणायला लागली. तिचा बाप विश्वजित लेहकडं ड्युटीवर; तो फोनवर ‘हॅलो, हॅलो’ करायचा आणि इकडून नुसता श्वास ऐकू यायचा. तो श्वास लालासाहेबांच्या कानात अजून होता. परत कुणी हसलं तर पोरगी परत तशीच मिटेल, आणि या खेपेला उघडणार नाही, ही त्यांची एकच भीती होती.

राजेश्वरीनं मग माधवनगरच्या मंगलबाईंना गाठलं. अशा पोरांना शिकवण्यातच त्यांची हयात गेलेली. त्यांनी एक खोका दिला. त्यात पायरीपायरीनं लावलेली कार्डं होती : आधी आवाज, मग अक्षर, मग काना-मात्रा, मग शब्द, वाक्यं, आणि सातव्या पायरीला जोडाक्षरं. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची काढायची नाही. चित्र बघून अंदाज करायचा नाही. चुकलं तर रागवायचं नाही आणि जमलं तरी गाव गोळा करायचं नाही.

राजेश्वरी दिवसभर पतसंस्थेत, म्हणून शिकवायची कामगिरी सासऱ्यांवर आली. मंगलबाईंनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, “सुभेदार, तुम्हाला ह्यात एकच काम अवघड जाणार. पोरगी अडली की गप्प बसायचं. शब्द सांगायचा नाही.”

“गप्प?” लालासाहेब म्हणाले. फौजेत त्यांचा आवाज तीन बराकींपर्यंत जायचा.

पण ते शिकले. वेताच्या काठीनं ज्यांनी हजारो रंगरूट सरळ केले, ते रोज दुपारी सोप्यात मांडी घालून, पेन्सिलीचं टोक अक्षराखाली धरून, ओठ आवळून बसायला लागले. पोरगी ‘क... म... ळ’ करून थांबली की ह्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या, पण तोंड बंद. हळूहळू पोरगी सहाव्या पायरीला आली. सोपी वाक्यं वाचायला लागली.

आणि तिथंच घात झाला. एका सकाळी डेअरीत दुधाचं फॅट मोजून व्हायची वाट बघताना लालासाहेबांचं तोंड उघडलं. “आमची पोरगी वाचाय लागली बरं का,” एवढंच ते म्हणाले. मागं नानासो उभा होता. नानासो तरुण मंडळाचा अध्यक्ष. येत्या निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात होतं, आणि निमित्ताच्या शोधात तो रानोमाळ हिंडत होता.

आता चौकातून किटली उचलून लालासाहेब थेट त्याच्या दारात गेले.

“नानासो, डिजिटल काढ.”

“आबा, काय बोलतासा?” नानासोच्या तोंडात ब्रश होता. तो त्यानं आदरानं बाहेर काढला. “साहेबांचा फोटू हाय त्येच्यावर. साहेबांचं डिजिटल काढलं म्हंजी काय, ठावं हाय न्हवं? उद्या तालुक्याला बोंब हुईल, कुंडल फुटलं म्हणून.”

“पोरीला जमणार न्हाई रं.”

“त्यात काय जमायचंय? संविधानाची उद्देशिका हाय. पाठ करून घ्या. कागुद नुसता हातात धरायचा. साहेब तरी दुसरं काय करत्यात?”

“गड्या, पाठ करणं हाच तिचा आजार हाय.”

नानासोनं खूप विचार केल्यासारखं केलं आणि चूळ भरली. “आबा, डिजिटलवर ‘वाघीण’ छापलंय. आता मागं कसं सरायचं?”

लालासाहेब घरी आले. पहिले दोन दिवस त्यांनी नातीला ओढ्याकडच्या वाटेनं शाळेत नेलं.

“आबा, हिकडं चिखल हाय.”

“पाय घट्ट हुत्यात चिखलानं.”

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली कलंडली. चौकातून जाण्यावाचून इलाज राहिला नाही. लालासाहेब पोरीच्या आणि डिजिटलच्या मधोमध चालत होते, पण डिजिटल माणसापेक्षा मोठं असतं. राजनंदिनी थांबली.

“ती मी हाय?”

“व्हय.”

“खाली काय लिवलंय?”

कपाळावर बंदूक टेकली असती तरी सुभेदार खोटं बोलले नसते. इथं बोलले. “वाढदिवसाच्या शुभेच्छा.”

“माझा वाढदिवस जूनमधी असतोय.”

“नानासोला कुठलं ठावं?”

राजनंदिनीनं दप्तर खाली ठेवलं. एक डोळा मिटला, बोट हवेत धरलं, आणि बोटाचं टोक बरोबर पहिल्या अक्षराखाली आणलं. मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावर लावलेलं गाणं सगळा चौक दणाणून सोडत होतं. पोरीला ते ऐकू येत नव्हतं.

“गा... व... ची. गावची. वा... घी... ण.”

लालासाहेबांच्या पाठीतून घामाची धार निघाली. जानेवारीचा महिना. हिला वाचता यावं म्हणून ज्यानं वर्षभर जीव टाकला होता, त्याला आज एकच वाटत होतं : हिला वाचता येऊ नये. एखादं अक्षर अडावं. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारावा. पण ट्रॅक्टरवाला स्टीअरिंगवर हनुवटी टेकून निवांत ऐकत होता.

“रा-ज-नं-दि-नी. हि-चे. जा... ही... र.” बोट सरकलं. “वा... च... न.”

बोट खाली आलं. ती डिजिटलकडून आजोबांकडं वळली. मग दप्तर उचललं.

“आबा, तुमी खोटं बोललासा.”

एवढंच. मग शाळेपर्यंत एक शब्द नाही. शाळेतून येतानाही नाही. आजी मनुबाईनं शेंगदाण्याचा लाडू पुढं केला, तर तो घेतला पण बोलली नाही. दुपारी लालासाहेबांनी खोका काढला आणि समोर बसले. राजनंदिनी बसली, पण झाकणाला हात लावला नाही. लालासाहेबांना तो फोनमधला श्वास परत ऐकू यायला लागला. बोलावं तर काय बोलावं? खोक्यात त्याचं कार्ड नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी अडली की गप्प बसायचं. ते गप्प बसले. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली. राजेश्वरी कामावरून आली, उंबऱ्यात थबकली, चप्पल तशीच पायात. गोठ्यात म्हैस ओरडत होती आणि दोघं आजा-नात खोक्याकडं बघत होती.

“हसत्याल,” राजनंदिनी म्हणाली.

लालासाहेबांनी खोका बाजूला सारला. “हसत्याल बी. मलाबी त्येचंच भ्या वाटतंय.”

“तुमाला?”

“लय.”

“फौजेत वाटायचं?”

“तिथं हातात बंदूक असायची.”

तिनं यावर विचार केला. “नानासोनं धाडलेला त्यो कागुद मला येत न्हाई. लय अवघड हाय. ते डिजिटलच वाचू का? निम्मं झालंय वाचून.”

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, आणि सगळा गाव देवळासमोर आला. डिजिटल आणून स्टेजच्या मागं बांधलं होतं. त्याखाली खुद्द प्रद्युम्नराव साहेब बसले होते, फोटोपेक्षा बरेच लहान. लालासाहेब नातीबरोबर वर चढले. अक्षरं उंचावर, पेन्सिल पुरणार नव्हती, म्हणून त्यांनी वेताची काठी आणली होती. राजनंदिनीनं गावाकडं पाठ केली, माइक धरला आणि वाट बघत राहिली. काठीचं टोक ‘गा’खाली थरथरत होतं, ‘गा’ आणि ‘व’ दोन्हीखाली एकदम दिसत होतं.

“आबा,” ती म्हणाली, आणि ते माइकमधून सगळ्या गावाला ऐकू गेलं, “काठी हलवू नगासा.”

त्यांनी दोन्ही हातांनी काठी धरली. पोरगी वाचायला लागली. सावकाश, अक्षर अक्षर. गाव एवढं शांत होतं की दोरी झेंड्याच्या खांबावर आपटत होती तेवढी ऐकू येत होती. वाघीण झाली, जाहीर वाचन झालं, देऊळ झालं. “पा-हु-णे. मा.” आणि ती थांबली.

साहेबांच्या नावात जोडाक्षरावर जोडाक्षर होतं. साहेब हसरा चेहरा धरून आपलं नाव यायची वाट बघत होते. नाव येईना. थोड्या वेळानं त्यांचेच ओठ हलायला लागले. नानासोला राहवलं नाही. “प्र...” त्यानं सुरुवात केली.

“नानासो. सावधान.”

आवाज तीन बराकींचा होता. नानासो टाचा जुळवून उभा राहिला, आणि त्याच्यामागं मंडळाची चार पोरंही.

राजनंदिनीनं नावाकडं आणखी एकदा नीट बघितलं. “ह्ये मला अजून येत न्हाई,” ती माइकमध्ये म्हणाली. “ह्ये पुढच्या पायरीला हाय.” आणि खालच्या ओळीवर जाऊन स्वच्छ वाचलं, “ना-ना-सो आ-णि मं-ड-ळी.”

बायकांच्या बाजूनं पहिलं हसू फुटलं. मग सगळा गाव हसला. लालासाहेबांच्या हातातून काठी सुटली. संपलं, त्यांना वाटलं. राजनंदिनी सावकाश वळली आणि गावाकडं बघितलं. कोण कुणाकडं बघून हसतंय, हे तिनं ओळीओळीनं तपासलं. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळी साहेबांकडं बघत होती. साहेबही शेवटी हसले, कारण दुसरं काही करण्याजोगं उरलं नव्हतं. नानासो मात्र अजून सावधानमध्ये होता, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. साहेबांचं नाव गाळून त्याचं नाव गावासमोर वाचलं गेलं होतं.

घरी जाताना राजनंदिनीनं आजोबांची काठी स्वतःच्या हातात घेतली होती.

“आबा, साहेब कितव्या पायरीला येत्यात?”

“सातव्या.”

“मग आज सातवी काढूया.”

“सहावी पक्की झाल्याबिगर न्हाई,” लालासाहेब म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत ते रांगेत उभे राहिले. मागून कुणीतरी विचारलं, “काय आबा, पोरगी कुठवर आली?” सगळ्यांच्या माना वळल्या. कोपऱ्यात नानासो मोबाइल काढून नव्या डिजिटलच्या तयारीत होता.

लालासाहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी ओठ आवळले, किटली दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आपला नंबर येईपर्यंत वजनकाट्याकडं बघत राहिले.