आवाज न काढलेला शब्द

वेळ कमी पडला म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमातला प्रवेश गाळला, असं तुम्ही समितीवाल्यांनी सगळ्या मंडळाला सांगितलंत. साफ खोटं. अध्यक्षांच्या भाषणाला वेळ होता, प्रायोजकांच्या सत्काराला होता, त्याचे फोटो काढायलाही होता. झालं ते वेगळंच.

विजयकुमार अबुधाबीत एका कंपनीत अकाउंट्स बघतो. बायको छाया, मुलगी इरा, घर मोहम्मद बिन झायद सिटीत. एकदा त्याच्या मोबाइलवर ब्रिटिश टीव्हीवरचा जुना तुकडा आला. दोन बाप्ये, अंगात फुलाफुलांचे झगे, डोक्याला रुमाल, भिंतीवर कोपर टेकून शेजारणींची उणीदुणी काढतायत. इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं. पण बोलताबोलता मधेच त्यांचा आवाज जायचा आणि नुसते ओठ हलायचे. क्लिप बिघडली असेल म्हणून त्याने आवाज वाढवून पाहिला.

"काही बिघडलेलं नाही," मागून छाया म्हणाली. "तिच्या बहिणीचं ऑपरेशन झालंय. कसलं ते मोठ्याने कसं सांगणार?"

"तुला कसं कळलं?"

"आम्ही बायका नाही का तसंच बोलत?"

इतका संसार करून त्याला हे माहीत नव्हतं. आणि क्लिपमधल्या त्या दोघा साहेबांना कसं ठाऊक? तेही कधीतरी कुणाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कान लावून उभे राहिले असणार. झालं, शेजारची दर्शना आली की हा पाणी प्यायला आत. बोलणं चालू, मधला एकच शब्द गायब.

दर्शनाने शेवटी विचारलं, "भाऊजींना शुगर आहे का हो? सारखं पाणी लागतं."

त्याला आता असाच एक प्रवेश बसवायचा होता, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत. जोडीदार मिळाला किसन, मुसफ्फातला वेल्डर, मूळचा संगमेश्वरचा. गावी नमनात साडी नेसून मावशी करायचा. "साहेब, ह्या कामासाठी मिशी उतरवतो," म्हणाला आणि उतरवली. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, कोण रे तू?

रंगीत तालमीला साड्या पिशवीतून नेल्या. पुरुषाने साडी नेसून बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा इथला कायदा कुणाला शिकवावा लागत नाही. छायाने दोघांना निऱ्या घालून दिल्या. इरा बघून म्हणाली, "बाबा, यू लुक लाईक आत्या."

स्टेजवर किसनने कमरेवर हात ठेवला. "काय गो बाय, तुझी जाऊ हल्ली दिसत नाय ती?"

"दिसेल कशी, ठकुबाई? तिची..." विजयकुमारने दोन्हीकडे बघून घेतलं, पोटावर हात फिरवला, ओठ हलवले. आवाज नाही. "काढली."

"अगो बाय. सगळी?"

"सगळी. डॉक्टर म्हणाले, ठेवून करायचंय काय?"

खुर्च्यांवरच्या बायकांना एकदम हसू फुटलं. दर्शनाला ठसका लागला. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. अध्यक्षांनी शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, "काय काढली?"

"काही नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली.

त्यांनी मागच्या रांगेत विचारलं. एकीनेही सांगितलं नाही. उलट जास्तच हसल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला तो तिथे. त्यांना वाटलं, काढली ती आपलीच काहीतरी खोडी.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: वेळेअभावी प्रवेश रद्द. किसन फोनवर एवढंच म्हणाला, "साहेब, आता ह्या तोंडाने लेबर कॅम्पात सगळ्यांना काय सांगू?"

विजयकुमार तडक समितीच्या बैठकीत गेला. बरोबर छाया होती, तिला कुणी बसा म्हटलं नाही.

"वेळेचं सोडा," तो म्हणाला. "खरं कारण?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, आपण परक्या मुलुखात आहोत. बायका-मुलं असतात. असले अश्लील शब्द स्टेजवरून चालणार नाहीत."

"असले म्हणजे कसले?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला आहे का?"

अध्यक्ष समोरचे कागद सारखे करू लागले. विजयकुमार एकेकाचं तोंड बघत होता. राग होताच, पण आता त्याहून जास्त नवल वाटत होतं. ज्याने तो शब्द बाद केला, त्याला तो कळलाच नव्हता. छाया भिंतीला टेकून उभी होती, तिलाही हे दिसलं होतं.

"मी नुसते ओठ हलवले," तो म्हणाला. "आवाज काढला नाही. तुम्ही ऐकलात तो अश्लील शब्द कोणता? सांगा, अध्यक्ष. सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा."