पाच पट्ट्या आणि काकांची हिरवी बाटली

सकाळी तिने दुकानाचं शटर वर केलं आणि खिडकीतला ट्रे बघून ती दारातच थबकली. ट्रेमधल्या पाच पोलादी पट्ट्या लख्ख चमकत होत्या. त्या चमकायला नको होत्या.

काका आणि ती मिळून बंदुका दुरुस्त करायचे. नेमबाजी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी आपली जुनी रायफल तिच्याकडे सोपवली होती. उद्या ती रायफल नेमबाजी क्लबच्या काचेच्या कपाटात जायची होती. "मळ काढा, पण नळीवरचा निळसर-काळा थर जाता कामा नये. तसा थर आता कुणाला चढवता येत नाही," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. म्हणून कशाने थर टिकतो ते बघायला तिने जुन्या बंदुकांच्या भंगारातल्या, तसाच थर असलेल्या पाच पट्ट्या पाच वेगवेगळ्या क्लीनरांत आणि तेलांत बुडवून तीन दिवस ट्रेमध्ये ठेवल्या होत्या.

"काका! या पट्ट्यांना कोणी हात लावला?"

"हात कसला, सेवा केली!" काका चिंधीला हात पुसत मागच्या खोलीतून बाहेर आले. "चिकट झाल्या होत्या. म्हटलं, पोरीचा पसारा जरा आवरू."

"पसारा नव्हता तो, प्रयोग होता!"

"मग पाटी लावायची."

"लावली होती. 'हात लावू नये.'"

"ती पण मळली होती," काका शांतपणे म्हणाले. "टाकून दिली."

तिने मनात दहापर्यंत मोजायला घेतलं, पण सातच्या पुढे जाता येईना. "कशाने पुसलंत?"

काकांनी अभिमानाने हिरवी बाटली पुढे केली. गंज काढायचं औषध. फाटकाच्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत त्यांचा सगळा संसार या बाटलीवर चालायचा.

"काका, हा काळा थर म्हणजेही एका जातीचा गंजच आहे. चांगला गंज. तुमच्या बाटलीतल्या ॲसिडला लाल कुठला न् काळा कुठला, काय कळणार? सगळंच खाल्लं त्याने."

"चमकतंय तर खरं."

"उघडं पडलंय म्हणून चमकतंय! कडा बघा, आत्ताच तांबूस व्हायला लागल्यात." बोलता बोलता तिला एकदम दुसरंच काही आठवलं. "काका. मास्तरांची रायफल?"

काकांनी चष्मा नीट केला. "थोडीशीच."

तिने रायफलीचा लाकडी दस्ता सोडवला. नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, अंगठ्याएवढा राखाडी डाग होता. बाकी नळी जशीच्या तशी.

"तूच उठता-बसता सांगतेस ना, आधी लपलेल्या जागी लावून बघावं? बघितलं."

यावर ओरडावं की आभार मानावेत, तिला कळेना. डाग धुऊन, कोरडा करून तिने पट्ट्या उलट्या केल्या. काका फक्त दिसतं तेवढंच पुसतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच खुणेचे आकडे तिने मागच्या बाजूला कोरले होते. मागे निकाल शाबूत होता. एक आणि तीनचा थर फिका पडला होता, दोनवर तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं, पाचवर ठिपके उठले होते. चार मात्र काळीभोर होती आणि तिच्यावर तेलाचा पातळसा हात होता.

चार नंबरच्या तेलाचे दोन थेंब तिने डागावर पसरले आणि मास्तरांना फोन लावला.

"दिसणारच नाही तर सांगायचं कशाला?" काका कुजबुजले.

"रायफल त्यांची आहे म्हणून."

काकांनी खाली बघितलं, मग तिच्या हातातून फोन घेतला. "मास्तर, तुमची रायफल मी जरा जास्तच स्वच्छ केली हो." त्यानंतर बराच वेळ त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"काय म्हणाले?"

"पुढचं काम पोरीनेच करायचं. आणि मी रायफलपासून दहा फूट लांब राहायचं."

तिने हिरवी बाटली काढून घेतली, खालच्या खणात टाकली आणि चार नंबरच्या तेलाने दुपारपर्यंत रायफल पुसून काढली. हात धुवायला मोरीवर गेली तेव्हा नळाचा रुपेरी मुलामा जागोजागी उडाला होता आणि खालचं पितळ दिसत होतं. हिरव्या बाटलीचा खण उघडाच होता.

"बघ," दहा फुटांवरून काका म्हणाले, "सोन्यासारखा झाला की नाही?"