मागच्या सीटची डावी बाजू

जावईबापूंनी गाडीला नवा सायलेन्सर बसवून आणला, तेव्हा अख्ख्या घरात खूश झाल्या त्या एकट्या सासूबाई. बायकोने तो आवाज ऐकून कपाळाला हात लावला, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सासूबाई मात्र पहिल्याच फेरीत म्हणाल्या, "आता कशी भारदस्त वाजतेय. आधी आपली सर्दी झाल्यासारखी शिंकत चालायची." जावईबापूंना आभाळ ठेंगणं झालं.

तसं दोघांचं पहिल्यापासून मेतकूटच. सासरे गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या आणि दर शनिवारी जावयाच्या गाडीतून तळ्यापर्यंत चक्कर मारायची, असा नेमच पडून गेला. लेकीचं ऑफिस शनिवारीही असे, त्यामुळे हे दोघंच. सासूबाई मागे बसत, जावईबापू गाडी चालवत, आणि दोघं मिळून रस्त्यावरच्या यच्चयावत ड्रायव्हरांचा उद्धार करत. जावईबापूंची आई ते अगदी लहान असतानाच गेली होती. शनिवारची ती चक्कर त्यांना किती हवीहवीशी वाटते, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग ते 'ठक्' सुरू झालं. गतिरोधक आला की मागून, सीटखालून, कुणीतरी दार ठोठावल्यासारखं. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवली, सायलेन्सरचा नवा पाइप धरून गदागदा हलवला, पाइप ज्या रबरांवर लटकतो ती रबरं तपासली. पाइप जागच्या जागी होता. जावईबापूंनी डिकी रिकामी केली, स्टेपनी काढली, जॅक काढला. एकटे हिंडून आले तर गाडी चिडीचूप. शनिवारी सासूबाई बसल्या की पहिल्या गतिरोधकाला पुन्हा ठक्.

जावईबापू भांडी विसळत होते, तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. हात ओले, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सगळा घोळ झाला तो तिथे.

"साहेब, आवाज येतो तेव्हा मागे कोण असतं?"

"आमच्या सासूबाई."

"आणि त्या नसल्या की?"

"नसल्या की नाही येत."

"मग भार जास्त होतोय. तेवढा भार टाळून बघा."

सासूबाई पाणी प्यायला आल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्या पाणी न पिताच परत गेल्या.

त्या शनिवारी त्यांचा गुडघा दुखला. पुढच्या शनिवारी दुसरा दुखला. मग एकदा जेवताना त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की मुलगा केव्हाचा बोलावतोय, तर त्याच्याकडेच जाऊन राहावं म्हणते. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा आणि सून दिवसभर कामावर. तिथे सासूबाई भिंतींशी बोलत बसणार, हे जेवणाऱ्या तिघांनाही माहीत होतं.

"तू तिला जाड म्हणालास," रात्री बायको म्हणाली.

"मी नाही, मिस्त्री म्हणाला."

"स्पीकरवर."

जावईबापूंनी सासूबाईंना समजवायचा प्रयत्न केला, पण "मला कुठे काय वाटलंय, गुडघाच दुखतो हो," असं म्हणून त्यांनी विषयच मिटवला. आता उपाय एकच उरला होता. दोष गाडीचा आहे, हे गाडीकडूनच कबूल करून घ्यायचं.

रविवारी सकाळी त्यांनी पाण्याचे वीस लिटरचे डबे भरले आणि मागच्या सीटवर ओळीने मांडले. घरंगळू नयेत म्हणून सीटबेल्टही लावला. डब्यांना पट्टा लावणारा जावई खिडकीतून दिसल्यावर सासूबाईंना राहवलं नाही. गुडघ्यांचा विसर पडून त्या तरातरा खाली आल्या.

"किती ठेवलेत?"

"तीन," जावईबापू ओशाळून म्हणाले.

सासूबाईंनी डब्यांकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. "चौथा ठेवा."

जावईबापूंनी मान वर न करता चौथा ठेवला आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून गाडी नेऊन आणली. हूं की चूं नाही.

"वाजलं?"

"नाही, आई."

"चार डब्यांनी नाही वाजलं, आणि माझ्याने वाजतं?" सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढा ते डबे. मिस्त्रीकडे चला. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

मिस्त्रीने या खेपेला गाडी लिफ्टवर घेतली नाही. लिफ्टवर चाकं लोंबकळतात, मग पाइप आणि मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल यांच्यात हातभर जागा होते आणि काही सापडत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं होतं. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली, मिस्त्री बॅटरी घेऊन खाली उतरला, सासूबाई मागे बसल्या आणि जावईबापूंनी बंपर दाबून गाडी हेलकावली.

ठक्.

"सापडलं," खालून आवाज आला. "पाइप डावीकडे ॲक्सलला लागतोय. मावशी, जरा मध्ये सरका बरं."

त्या सरकल्या. आवाज नाही. पुन्हा दाराशी बसल्या. ठक्.

मिस्त्री वर आला. "मावशी अगदी दाराला चिकटून बसतात, साहेब. सगळा भार एकाच चाकावर. त्यांनी मध्ये बसायचं, की काम झालं. खर्च नाही, कटकट नाही."

सासूबाई लगेच सरकल्या आणि मांडीवर हात ठेवून सीटच्या मधोमध बसल्या. "हे बघा, बसले की. आमच्या ह्यांना ऐसपैस बसायला लागायचं ना, म्हणून मी आपली दाराशी. इतक्या वर्षांची सवय. आता काय, जागाच जागा आहे."

जावईबापूंनी मागच्या काचेतून आत पाहिलं. परक्याच्या घरी बसावं तशा त्या अंग चोरून बसल्या होत्या, आणि वर हसत होत्या.

"पाइप बदलायचा झाला तर?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"मधला तुकडा कापून कंपनीचा जुना जोडावा लागेल. पण मग तुमची ही गुरगुर गेली समजा."

"कापा."

"अहो, मी सरकते ना," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही किती हौसेने घातलाय तो."

"आई, तुम्ही सरकायचं नाही. पाइप सरकेल."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसायला घेतला. चष्मा बराच वेळ पुसला गेला.

परतताना गाडी पुन्हा शिंकत चालली होती. सासूबाई डावीकडे दाराशी बसल्या होत्या. एक गतिरोधक गेला, दुसरा गेला, मागून काही वाजलं नाही. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. केव्हा न्यायला येऊ, असं तो विचारत असावा.

"नाही रे, राहायला यायचं काही जमत नाही," सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी आम्ही दोघं बाहेर असतो."

जावईबापूंनी पुढच्या चौकात गाडी घराकडे न वळवता तळ्याच्या रस्त्याला घातली. वार रविवार होता, पण सासूबाईंनी पुढच्या रिक्षावाल्याचा उद्धार करायला सुरुवातही केली होती.