आपापल्या मातीत शोभणारी माणसं

मी एका फ्रेंच वैचारिक त्रैमासिकाचा अंक बोलतोय. जाड कागद, मुखपृष्ठावर ग्रीक पुतळ्याचं मस्तक, आत एकही जाहिरात नाही. मला हातात घेणाऱ्याला वाटतं, आपण काहीतरी थोर वाचतोय.

माझा जन्म पॅरिसजवळच्या एका छापखान्यात झाला, पण माझं घराणं पन्नास वर्षांहून जुनं. आमचे संस्थापक अतिउजवे तरुण होते. अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यातच राहावा म्हणणारी त्यांची बाजू हरली होती, आणि वंशाबद्दल उघड बोललं की लोक दार लावून घेत. तेव्हा त्यांनी ठरवलं, निवडणुका नंतर, आधी डोकी जिंकायची. ‘वंश’ खोडून त्यांनी ‘संस्कृती’ लिहिलं. ‘परके नकोत’ याऐवजी ‘प्रत्येकाचा वेगळेपणा जपू या’ असं लिहिलं. आमचे वाचक फारसे वाढले नाहीत, आमची वाक्यं मात्र वाढली. आधी ती वर्तमानपत्रांत गेली, मग पुढाऱ्यांच्या भाषणांत, आणि शेवटी आमचं नावही न ऐकलेल्या माणसांच्या तोंडी.

माझा पहिला मालक दुबई मरीनात एकतिसाव्या मजल्यावर राहायचा. नोकरीसाठी आलेला फ्रेंच माणूस. बाल्कनीत बसून त्याने माझ्यातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली: ‘प्रत्येक समाज आपापल्या मातीत शोभतो, त्याला तिथेच राहू देणं हाच खरा आदर.’ मग त्याने केरळी स्वयंपाक्याला कॉफी आणायला सांगितली. ते वाक्य आपल्यालाही लागू पडतं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

तो दुबई सोडून निघाला तेव्हा त्याचं सामान बांधायला विलास आला. अल क्वोज या गोदामांच्या भागात त्याचं पॅकिंगचं छोटं गोदाम आहे. मी टाकायच्या ढिगात होतो. विलासने मला उचलून पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

“मिहू, हे बघ! अस्सल फ्रेंच. तुझ्या शाळेच्या फ्रेंचच्या पुस्तकात नुसतं मांजर टेबलावर बसतंय.”

“बाबा, डिड यू स्टील इट?”

“चोरतोय कशाला? फेकत होता गं तो!”

“आधी पुसून घे,” तिची आई अर्चना स्वयंपाकघरातून म्हणाली. “कुणाच्या घरातलं काय माहीत.”

मिहिका बारावीत होती. जन्म दुबईचा, पासपोर्ट भारताचा. वर्गात ती कधी हात वर करायची नाही. फ्रेंचमध्ये मात्र ती एकटीच खोलीत भरभरून बोलायची, कारण घरात ती भाषा कुणाला कळत नव्हती. तिला फ्रान्समध्ये, लियोंला जाऊन शिकायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तरच.

शनिवारच्या मराठी वर्गात बाईंनी तिला शिकवलं होतं, की भाषणाची सुरुवात सुविचाराने करावी. अर्जासाठी तिला सुविचार हवा होता. माझ्यात एका वाक्याखाली आधीच रेघ होती. रेघ आहे म्हणजे महत्त्वाचं असणार. शब्द न् शब्द तिला कळला. तो कोणाला उद्देशून लिहिलाय, हे कळलं नाही.

मुलाखत लॅपटॉपवर होती. अर्चनाने कुकर बंद ठेवला आणि दाराबाहेर उभी राहिली. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी अर्जातलं पहिलं वाक्य दोनदा वाचलं.

“हे कुठे मिळालं?”

मिहिकाने अभिमानाने मला कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या बाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी चष्मा काढला.

“माझे वडील अल्जीरियाहून आले. त्यांना लोक हेच ऐकवायचे. इतक्या सुंदर भाषेत नाही, एवढंच. यात तुलाच येऊ नकोस म्हटलंय, बाळ. मग तुझी माती कुठली?”

मिहिकाने मला हळूच टेबलावर उपडं ठेवलं.

बाई रागावल्या नाहीत. “सात दिवसांत नवीन उत्तर पाठव,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे का यायचंय, ते तुझ्या शब्दांत.”

पाच दिवस तिने मला शब्दकोश घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. उत्तराची एक ओळ लिहायची, पुसायची. भारताबद्दल लिहिलं तर खोटं वाटायचं, तिथे ती फक्त सुट्टीत गेली होती. दुबईबद्दल लिहिलं तरी खोटं, इथला तिचा व्हिसा बाबांच्या धंद्यावर.

सहाव्या दिवशी विलास तिच्याजवळ बसला. “नको गं एवढा त्रास करून घेऊ. परक्या मुलखात कोण विचारतं? शेवटी माणूस आपल्या लोकांतच शोभतो.”

किती मायेने बोलला. हे तो दुबईत बसून बोलत होता, आणि माझं एक पानही त्याने वाचलेलं नव्हतं.

मिहिकाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “ओके, बाबा,” ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. मुदत टळून गेली.

आता ती इथल्याच कॉलेजात कॉमर्सला जाते. खोलीतलं फ्रेंच थांबलंय. मी कपाटावर जुन्या वह्यांखाली आहे. कधीतरी रद्दीत जाईन. मला फाडा, लगदा करा, त्याने काही बदलणार नाही. मी जिथून आलो तिथे पुढचे अंक निघतच आहेत.

मला आवाज असता, तर त्या सात दिवसांत तिला एवढंच सांगितलं असतं: ‘मला यावंसं वाटतं,’ इतकं उत्तर पुरे होतं. पण माझ्या एकशे बारा पानांत तसं एकही वाक्य छापलेलं नाही.